किडनीतली गाठ: किती काढायची, किती थांबायचं

प्रश्न सोलापूरच्या एका मुलीचा आहे. वडील ५८ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते, यंदाच निवृत्त झाले. १० वर्षांचा मधुमेह, विडीची सवय, क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा) १.४. पित्ताच्या त्रासासाठी सोनोग्राफी केली तेव्हा उजव्या किडनीत गाठ दिसली आणि सीटी स्कॅनमध्ये ती ४.८ सेंमी भरली. छातीच्या सीटीत फुफ्फुसात ६ मिलिमीटरचा एक ठिपकाही आला. एक सर्जन म्हणाले, या आठवड्यातच किडनी काढून टाकू. पुण्यातले दुसरे म्हणाले, रोबोटने फक्त गाठ काढू. काका म्हणतात, सुई लावू देऊ नका, पसरेल. आता तिने विचारलंय: कुणाचं ऐकायचं, ठिपका आहे म्हणजे चौथी स्टेज का, इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर चेतवणारं औषध) लागेल का आणि त्यासाठी शेत विकायची वेळ येईल का, बाबा किती वर्षं जगतील, आणि हे सगळं त्यांना सांगायचं का.

मी २६ वर्षं मूत्रमार्गाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करतो आहे. स्कॅन स्वतः बघितल्याशिवाय काय काढायचं हे कुणीच सांगू नये, मीही सांगणार नाही. पण तुमच्या प्रश्नांतल्या बऱ्याच गोष्टींना स्कॅन लागत नाही.

सगळ्यात आधी तो "या आठवड्यातच" बाजूला ठेवा. किडनीचा कॅन्सर बहुतेक वेळा सावकाश वाढतो. ४ सेंमीच्या आतल्या गाठींवर नुसती नजर ठेवली, तर त्या वर्षाला सरासरी ३ मिलिमीटरच्या आसपास वाढतात. तुमच्या वडिलांची त्याहून मोठी आहे, तेव्हा ती वर्षभर ठेवायची नाही, हे खरं. पण दुसरं मत घ्यायला, साखर आटोक्यात आणायला, हृदयाची तपासणी करायला आणि विडी सोडायला ३-४ आठवडे लागले तर काही बिघडत नाही. माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी जणांची किडनी गाठीने नाही, घाईने गेली आहे. लघवीतून सतत रक्त जात असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा गाठ मोठ्या शिरेत शिरली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मीही तारीख पुढे ढकलत नाही.

गाठ कशाची आहे? सीटीत रंगाचं इंजेक्शन दिल्यावर ती उजळली असेल तर कॅन्सरची शक्यता बरीच मोठी. तरी शंभर टक्के नाही. ४ सेंमीच्या आतल्या गाठींपैकी साधारण पाचातली एक साधी निघते. आकार वाढत जातो तसं हे प्रमाण घटतं. चरबीची गाठ, म्हणजे अँजिओमायोलिपोमा, सीटीवर बहुधा ओळखू येते, कारण आतली चरबी दिसते. ऑन्कोसायटोमा मात्र साधा असूनही कॅन्सरसारखाच दिसतो. आपल्याकडे आणखी एक भानगड असते. किडनीचा टीबी, किंवा मुतखड्यामागे वर्षानुवर्षं मुरलेला जंतुसंसर्ग. दोन्ही सीटीवर हुबेहूब गाठीचं सोंग घेतात. वडिलांना खडा होता का, लघवीत पू येत होता का, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. आणि रिपोर्टमध्ये नुसतं "सिस्ट" लिहिलेलं वाचून जे घाबरतात त्यांच्यासाठी एक ओळ: पातळ भिंतीची, नुसत्या पाण्याची सिस्ट पन्नाशीनंतर खूप जणांना असते, तिचं काही करायचं नसतं. बोस्नियाक (सिस्ट किती संशयाची हे सांगणारी श्रेणी) ३ किंवा ४ असं लिहिलं असेल तर मात्र सर्जन गाठा.

कॅन्सर असेल तर दहातल्या सात-आठ वेळा तो क्लिअर सेल प्रकारचा असतो. त्यानंतर पॅपिलरी, मग क्रोमोफोब. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, पण ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये हा शब्द शोधा, कारण पुढची औषधं आणि पुढचा अंदाज दोन्ही त्यावर ठरतात. किडनीच्या आत लघवी जिथे गोळा होते त्या पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर हा वेगळाच आजार आहे. त्याला मूत्राशयाच्या कॅन्सरसारखे उपचार लागतात. मी पुढे जे लिहितो आहे ते त्याला लागू नाही.

आता काकांची सुई. गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. किडनीच्या बाबतीत आजच्या पद्धतीने, म्हणजे नळीतून सुई घालून बायोप्सी केली तर वाटेत पेशी सांडण्याचे प्रकार अत्यंत विरळ आहेत. म्हणजे काकांचं कारण चुकीचं, पण योगायोगाने निष्कर्ष बरोबर असू शकतो. गाठ काढायचीच हे ठरलं असेल आणि बायोप्सीच्या निकालाने बेत बदलणार नसेल, तर सुई लावून उपयोग काय? बायोप्सी कामाची ठरते ती नजर ठेवायची असेल तेव्हा, गाठ जाळायची किंवा गोठवायची असेल तेव्हा, टीबीसारखी शंका असेल तेव्हा, आणि आजार पसरल्यावर औषध सुरू करण्यापूर्वी. ती न करता महागड्या गोळ्या सुरू झालेल्या मी पाहिल्यात. ते करू देऊ नका.

फुफ्फुसातल्या ठिपक्यावरून चौथी स्टेज म्हणणं फार घाईचं आहे. आपल्या देशात टीबी होऊन गेल्याच्या खुणा इतक्या जणांच्या छातीत असतात की, पन्नाशीच्या माणसाचा सीटी काढला आणि एकही ठिपका नाही असं झालं तर मलाच बरं वाटतं. ६ मिलिमीटरच्या एकट्या ठिपक्यात सुई घालता येत नाही, पेट स्कॅनलाही तो धड दिसत नाही. ५ सेंमीच्या आसपासच्या किडनीच्या गाठीतून तो आलेला असण्याची शक्यताही कमी. साधारण ३ महिन्यांनी पुन्हा सीटी करून तो वाढला का, एवढंच बघायचं. त्यासाठी किडनीचं ऑपरेशन अडवून ठेवायचं नाही. जाता जाता: किडनीच्या कॅन्सरमध्ये पेट स्कॅन दरवेळी लागत नाही. त्यात वापरलेली साखर लघवीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे किडनी मुळातच चमकत असते आणि गाठ त्यात हरवते. पोटाचा आणि छातीचा चांगला सीटी पुरतो. मोठ्या शिरेत शिरकाव असेल तर एमआरआय. हाड दुखत असेल तर हाडांचा स्कॅन.

यापलीकडे काही निघालं नाही तर तुमच्या वडिलांची गाठ टी-१बी गटात, म्हणजे पहिल्या स्टेजमध्ये बसते. ४ सेंमीपर्यंत टी-१ए, ४ ते ७ टी-१बी, ७ च्या पुढे टी-२. शिरेत किंवा भोवतालच्या चरबीत शिरली की टी-३.

आणि इथे खरा प्रश्न येतो: सगळी किडनी की फक्त गाठ?

१८६९ साली हायडेलबर्गमध्ये गुस्ताव सिमोन यांनी ठरवून एका बाईची एक किडनी काढली आणि ती जगली. कारण कॅन्सर नव्हतं, मूत्रनलिकेची जखम होती. पण एका किडनीवर माणूस जगतो हे त्या दिवशी कळलं, आणि पुढची शंभर वर्षं सर्जन या एका गोष्टीवर विसंबून राहिले. गाठ लहान असो मोठी असो, किडनी, भोवतालची चरबी, वरची अॅड्रिनल ग्रंथी, सगळं काढायचं. माझं शिक्षण झालं तेव्हाही आम्हाला हेच शिकवलं गेलं. एक किडनी पुरते हे खरंच आहे, पण ते किडनीदात्याचं सत्य आहे. दाता निवडतानाच निरोगी निवडतात. तुमच्या वडिलांना १० वर्षांचा मधुमेह आहे आणि क्रिएटिनिन १.४ आहे. वयाचा हिशेब धरला तर दोन्ही किडन्या मिळून आज ६० टक्क्यांच्या आसपासच काम करत आहेत. उजवी पूर्ण काढली तर उरलेली थोडा भार उचलते, तरी आकडा ४० च्या घरात येईल. त्यानंतर पुढची २० वर्षं मधुमेह त्या एकट्या किडनीला कुरतडत राहणार. कॅन्सरमधून सुटलेला माणूस डायलिसिसच्या खुर्चीत बसलेला बघणं हे फार वाईट असतं, आणि त्यातलं काही टाळता येण्याजोगं असतं.

म्हणून टी-१ गाठीत, जमत असेल तर, फक्त गाठ काढणं ही आज पहिली पसंती आहे. कॅन्सरच्या दृष्टीने निकाल पूर्ण किडनी काढण्याइतकाच येतो. पण दुसरी बाजूही सांगतो. युरोपात या दोन शस्त्रक्रियांची तुलना करणारी एक मोठी चाचणी झाली, ५ सेंमीपर्यंतच्या गाठी असलेले ५४१ रुग्ण. २०११ मध्ये निकाल आला तेव्हा सगळ्यांच्या भुवया उंचावल्या: १० वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण पूर्ण किडनी काढलेल्यांत ८१ टक्के आणि फक्त गाठ काढलेल्यांत जवळपास ७६. किडनीचं काम दुसऱ्या गटात चांगलं राहिलं, पण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. त्या चाचणीवर बरेच आक्षेप आहेत. मी त्यातून एवढंच घेतो की, ज्याची दुसरी किडनी ठणठणीत आहे, मधुमेह नाही, रक्तदाब नाही आणि गाठ अवघड जागी आहे, त्याच्यासाठी जिवावर उदार होऊन किडनी वाचवण्याचा अट्टहास नको. तुमचे वडील त्या गटातले नाहीत. त्यांच्यासाठी मी अट्टहास करेन.

"जमत असेल तर" म्हणजे काय? गाठ किडनीच्या बाहेर फुगलेली आहे की आत रुतलेली, वरच्या-खालच्या टोकाला आहे की मधोमध, आणि मुख्य रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात तिथून किती लांब. सर्जनला सीटी स्क्रीनवर लावून हे तुम्हाला दाखवायला सांगा. जो दाखवतो त्याच्यावर माझा जास्त विश्वास. ऑपरेशनमध्ये किडनीची मुख्य धमनी चिमट्याने बंद करतात, रक्त थांबलेलं असताना गाठ काढतात, आतल्या शिरा आणि लघवीची पिशवी शिवतात, वरून टाके घालून किडनी मिटवतात आणि चिमटा सोडतात. हे सगळं २०-२५ मिनिटांत बसवायचा प्रयत्न असतो, कारण त्यापुढे रक्ताविना किडनी सोसत नाही. अर्थातच यात रक्तस्राव आणि लघवी झिरपण्याचा धोका पूर्ण किडनी काढण्यापेक्षा जास्त आहे. एक गोष्ट घरी लिहून ठेवा: टाके कोरडे झाले, माणूस हिंडूफिरू लागला, आणि आठव्या-दहाव्या किंवा अगदी पंधराव्या दिवशी एकदम लालभडक लघवी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. आत कापलेल्या धमनीला फुगा येतो आणि तो फुटतो. रेडिओलॉजिस्ट मांडीतून तार घालून तो बंद करतात आणि बहुतेक वेळा किडनी वाचते. पण त्यासाठी रात्री दोनला गाडी काढावी लागते. "उष्णता झाली असेल" म्हणून सब्जाचं पाणी देत बसू नका.

रोबोटबद्दल. मी स्वतः रोबोट वापरतो आणि आत शिवताना तो फार सोयीचा आहे. पण गाठ रोबोट काढत नाही, सर्जन काढतो. पोट उघडून उत्तम काम करणारा सर्जन हा नव्यानेच रोबोट शिकलेल्यापेक्षा कधीही बरा. दोघांनाही हेच विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आणि ठरवलं होतं गाठ काढायचं पण शेवटी किडनी काढावी लागली असं कितीदा झालं. प्रश्नाचा राग आला तर उत्तर मिळालंच. पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कॅन्सरच्या शस्त्रक्रिया त्यात आहेत. रोबोटचा वरखर्च बहुधा तुमच्या खिशातून जाईल. दवाखान्यात पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यातल्या या योजनेच्या मदतनिसाच्या, खिडकीवर जा, नंतर नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये गर्दी आहे, तारीख उशिरा मिळते, पण दुसरं मत घ्यायला ती जागा उत्तम. आणि वर सांगितलं तसं, हा आजार तेवढा वेळ देतो.

बाकीचे पर्याय तुमच्या वडिलांसाठी फारसे नाहीत, म्हणून पटकन सांगतो. गाठ ३ सेंमीच्या आत असेल आणि भूल देणं धोक्याचं असेल तर सुईने जाळणं किंवा गोठवणं चांगलं काम करतं. ऐंशीच्या घरातली आजी, हृदयाची झडप खराब, गाठ अडीच सेंमी, तर मी काहीच करत नाही. सहा महिन्यांनी सोनोग्राफी, एवढंच. अशा नजरेखाली ठेवलेल्यांत आजार पसरण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन इतकंच आहे. किरणोपचारांना किडनीचा कॅन्सर दाद देत नाही असं आम्ही पूर्वी मानायचो. नेमक्या मोठ्या मात्रेच्या किरणोपचारांनी ते मत बदललं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ऑपरेशन न झेपणाऱ्या ७० रुग्णांपैकी एकाचीही गाठ त्याच जागी पुन्हा वाढलेली दिसली नाही. म्हाताऱ्या माणसांना हा मोठा दिलासा आहे. ५८ व्या वर्षी मात्र मी शस्त्रक्रियाच निवडेन.

इम्युनोथेरपी लागेल का? गाठ पूर्ण निघाली आणि पहिली स्टेज निघाली, तर नाही. गोळी नाही, सलाईन नाही, केमो तर नाहीच. नेहमीची केमो या आजारावर चालतच नाही. ऑपरेशननंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देतात ते परत येण्याचा धोका जास्त असलेल्यांना: गाठ शिरेत किंवा चरबीत शिरलेली, लसिका ग्रंथींत गेलेली, किंवा ग्रेड ४ ची, म्हणजे सगळ्यात आक्रमक दिसणाऱ्या पेशींची, मोठी गाठ. दर ३ आठवड्यांनी, वर्षभर, १७ डोस. ज्या चाचणीवर हे उभं आहे तिच्यात ४ वर्षांनी औषध घेतलेले ९१ टक्के आणि न घेतलेले ८६ टक्के रुग्ण जिवंत होते. फरक खरा आहे. पण याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की, शंभरातले ८६ औषधाशिवायही होतेच. एकेका डोसाचा खर्च लाखांत जातो आणि काहींना थायरॉइड किंवा अॅड्रिनलचा आयुष्यभराचा त्रास मागे लागतो. विमा असेल, कंपनीच्या मदत योजनेत बसत असाल तर जरूर घ्या. शेवटचं शेत विकून घ्या असं मी कुणालाही आजवर सांगितलेलं नाही.

ठिपका वाढलाच, किंवा पुढे कधी आजार पसरला, तर? हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण "चौथी स्टेज" या शब्दामागे तेच आहे.

क्लिअर सेल कॅन्सर समजून घ्यायला आपल्याकडचं एक उदाहरण चपखल आहे. गावात पाणी आहे, पण सरपंचाने दुष्काळाचा खोटा दाखला पाठवला, तर टँकर येतच राहतात. या पेशींमध्ये व्हीएचएल नावाचं जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी टंचाईचा दाखला देत राहते, आणि शरीर तिच्याकडे नव्या रक्तवाहिन्या वळवत राहतं. पेशींना ऑक्सिजन कसा कळतो हे शोधणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. सोराफेनिब, सुनिटिनिब, पाझोपानिब, अॅक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब या गोळ्या टँकर अडवतात. बेलझुटिफान ही नवी गोळी दाखलाच पकडते.

२००५ च्या आधी आमच्या हातात इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन होतं: प्रचंड त्रास आणि मोजक्यांनाच फायदा. सोराफेनिब आलं तेव्हा आनंद झाला आणि किंमत ऐकून तो मावळला, महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये. मग मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी भारतातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा) दिला, बायरचं हेच औषध नॅटकोने महिन्याला ८,८०० रुपयांत विकायचं म्हणून. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथेही २०१४ मध्ये परवाना टिकला. ज्या औषधावरून हा कायदा भारतात पहिल्यांदा वापरला गेला ते किडनी आणि यकृताच्या कॅन्सरचं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आज यातल्या बऱ्याच गोळ्या जेनेरिक मिळतात आणि मध्यमवर्गीय घराला, ओढाताण करून का होईना, परवडतात.

इम्युनोथेरपीने चित्र आणखी बदललं. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिल्यावर, पसरलेला आजार असलेल्यांपैकी निम्मे ५२.७ महिन्यांपेक्षा जास्त जगले. नुसत्या सुनिटिनिबवर तोच आकडा ३७.८ होता. काही जण तर ८ वर्षांनंतरही औषधाविना बरे आहेत, आणि हे वाक्य मी २००४ साली लिहिलं असतं तर मला कुणीही वेड्यात काढलं असतं. गोळी आणि इम्युनोथेरपी यांच्या जोड्याही आहेत. गाठ लवकर आक्रसायला हवी असेल तर त्या बऱ्या पडतात. कमी डोसच्या निवोलुमॅबबद्दल लोक विचारतात. टाटा मेमोरियलचा तो गाजलेला अभ्यास डोक्या-मानेच्या कॅन्सरवरचा होता, किडनीसाठी तशी भक्कम चाचणी हाती नाही. पूर्ण डोस परवडतच नसेल तर डॉक्टरांशी हा विषय काढायला हरकत नाही, पण त्याला बरोबरीचा पर्याय समजू नका.

पसरलेल्या आजारात कोण किती जगेल याचा अंदाज आम्ही सहा साध्या गोष्टींवरून बांधतो. निदानापासून वर्षाच्या आत औषध लागलं का, माणसाला स्वतःचं स्वतः करणं जमेनासं झालंय का, हिमोग्लोबिन कमी आहे का, कॅल्शियम जास्त आहे का, न्यूट्रोफिल पेशी वाढल्यात का, प्लेटलेट वाढल्यात का. एकही नसेल तर चांगला गट, एक-दोन असतील तर मधला, तीन किंवा जास्त तर अवघड. साधा सीबीसी, कॅल्शियम आणि माणसाकडे नीट बघणं. महागडा जनुकीय अहवाल यासाठी लागत नाही. जनुकीय तपासणी लागते ती वेगळ्याच कारणाने: रुग्ण पंचेचाळिशीच्या आतला असेल, दोन्ही किडन्यांत गाठी असतील किंवा घरात आणखी कुणाला असतील, तर आजार वारशाने आलेला असू शकतो आणि मग भावंडांनाही तपासायला लागतं.

पसरलेल्या आजारातही घाई नडते. आधी किडनी काढू, मग औषध देऊ, ही पूर्वीची रीत. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीने दाखवलं की मधल्या आणि अवघड गटात नुसत्या औषधावर ठेवलेले रुग्ण, आधी किडनी काढलेल्यांपेक्षा मुळीच कमी जगले नाहीत. ऑपरेशनमधून सावरण्यात औषधाचे महिने वाया जातात. उलट फुफ्फुसात किंवा स्वादुपिंडात एक-दोनच गाठी असतील तर त्या काढून किंवा किरणांनी संपवून माणूस वर्षानुवर्षं चालतो. काहींना मी औषधही लगेच देत नाही, दर ३ महिन्यांनी स्कॅन बघतो. घरच्यांना ते फार जड जातं.

गोळ्या चालू असतील तर घरात रक्तदाबाचं यंत्र आणा आणि रोज वहीत लिहा. तळपाय सोलवटतात, मऊ चप्पल आणि युरियाचं क्रीम पहिल्या दिवसापासून, फोड आल्यावर नाही. थायरॉइड मंदावतं, केस पांढरे होतात, चव जाते. इम्युनोथेरपीत मात्र जुलाब, दम किंवा कावीळ दिसली तर मेडिकलमधून गोळी आणून बघू नका. औषधाने चेतवलेली प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर तुटून पडलेली असते आणि वेळेवर स्टिरॉइड दिलं नाही तर जिवावर बेततं. "किडनी साफ करणारे" काढे आणि भस्मं या काळात बंद. यकृताचे आकडे बिघडतात आणि दोष कुणाला द्यायचा हेच कळत नाही.

बाबा किती वर्षं जगतील? अमेरिकेतल्या नोंदींनुसार ५ वर्षांचं जगणं, गाठ किडनीतच असताना सुमारे ९३ टक्के, शेजारी किंवा लसिका ग्रंथींत गेल्यावर ७५ च्या आसपास आणि दूर पसरल्यावर १८ च्या आसपास. हे आकडे काही वर्षांपूर्वी निदान झालेल्यांचे आहेत, म्हणजे नव्या औषधांचा पुरता फायदा त्यात धरलेला नाही. अगदी महाशिरेत शेपूट शिरलेल्या गाठीही, दूर पसरलेल्या नसतील तर, मोठं ऑपरेशन करून जवळपास निम्म्यांना ५ वर्षांपुढे नेता येतं. तुमच्या वडिलांचा ठिपका निरुपद्रवी निघाला तर, खरं सांगायचं तर, मला त्यांच्या गाठीपेक्षा साखरेची आणि विडीची काळजी जास्त वाटते.

ऑपरेशननंतर डाळ बंद, दूध बंद, असं शेजारी सांगतील. ऐकू नका. जेवण घरातलंच, मीठ हात राखून. बंद करायच्या त्या दुखण्यावरच्या गोळ्या: डायक्लोफेनॅक, ब्रुफेन, निमेसुलाइड. गुडघा दुखला तर पॅरासिटामॉल. सीटी पहिल्या वर्षी साधारण ६ महिन्यांनी, पुढे वर्षाने. आणि ५ वर्षं झाली म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका. हा कॅन्सर वेळ देतो तसा दबा धरूनही बसतो. १२ वर्षांनी, १५ वर्षांनी स्वादुपिंडात किंवा थायरॉइडमध्ये उगवलेला मी पाहिला आहे, आणि तेव्हा बायोप्सी वाचणाऱ्याला जुनं ऑपरेशन माहीत नसेल तर तो चकतो.

त्यांना सांगायचं का? सांगा. आठवडाभर घरात फोन आतल्या खोलीत जाऊन घेतले जातायत, पुण्याला नेलंय, दवाखान्याच्या दारावर पाटी आहे. ३० वर्षं आरशात मागची गाडी बघत आलेल्या माणसाला हे दिसलं नाही असं तुम्हाला वाटतं का? सगळं एका दमात नको. गाठ आहे, बहुधा कॅन्सरची आहे, लवकर सापडली आहे, काढता येईल, आणि किडनी वाचवायचा प्रयत्न करणार आहोत, एवढं पुष्कळ. पुढचं ते विचारतील तेवढंच सांगा. बहुतेक ड्रायव्हर पहिल्यांदा गाडी कधी चालवता येईल हेच विचारतात. दुर्बिणीतून किंवा रोबोटने झालं तर ३-४ आठवड्यांनी मोटरसायकल, पोट उघडून झालं तर ६ ते ८ आठवडे थांबायचं, आणि तोवर पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही. पुण्याला जाताना सीटीची सीडी न्या, फिल्म नको. फिल्मवर गाठीची खोली मोजता येत नाही.